पेपर कधी टाकायचा? मास्टर्सला जाण्याआधी नोकरी सोडण्याचं गणित

गेटचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी आनंदाच्या भरात टीम लीडला चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, "या वर्षी एम.टेक.ला जातोय." त्यानं पाठ थोपटली, चहाचे पैसे दिले आणि एप्रिलच्या अप्रेझलमध्ये माझं रेटिंग खाली आणलं. त्याचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. जाणाऱ्याला वरचं रेटिंग द्यायचं तर राहणाऱ्या कुणाचं तरी कापावं लागतं. मग मेमध्ये मी पेपर टाकला आणि जूनमधला वार्षिक बोनसही गेला. बोनस देण्याच्या दिवशी जो नोटीस पिरियडवर असेल त्याला तो मिळत नाही, ही ओळ पॉलिसीत पहिल्या दिवसापासून होती. मी ती वाचलीच नव्हती. एवढ्या पैशांत पहिलं सेमिस्टर आरामात निघालं असतं.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. दोन-चार वर्षं नोकरी झाली आहे, आता एम.टेक., एम.एस. किंवा एम.बी.ए.ला जायचं आहे आणि राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे, अशांसाठी. उदाहरणं पुण्यातल्या आयटी आणि इंजिनिअरिंग नोकऱ्यांची आहेत, कारण मला तीच माहीत आहेत. "सोडू की नको" हा प्रश्न मला कायम अर्धवट वाटतो. बहुतेकांचं सोडायचं ठरलेलं असतं, फक्त तारीख ठरलेली नसते, आणि पैसे बुडतात ते तारखेमुळे.

आधी एक गोष्ट: अभ्यासासाठी सोडताय की शिकण्यासाठी?

प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी नोकरी सोडणं आणि प्रवेश मिळाल्यावर सोडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या मी विरोधात आहे. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला दिवसाचे चौदा तास मिळतात आणि त्यातले दहा कुठे जातात ते त्यालाही कळत नाही. परीक्षेत घसरलं तर हातात ना प्रवेश ना पगार, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत "ही आठ महिन्यांची गॅप कसली?" हा प्रश्न. पहाटे दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून गेट किंवा सीईटी काढणारी मंडळी आजूबाजूला भरपूर आहेत.

अपवाद आहे. चाकण-रांजणगावच्या प्लँटमध्ये फिरत्या शिफ्टमध्ये असाल, आठवड्याआड रात्रपाळी असेल, तर अभ्यास खरंच होत नाही. तेव्हाही राजीनाम्याआधी शिफ्ट बदलून मागा. नाही मिळाली तर परीक्षेआधीच्या दोन महिन्यांसाठी बिनपगारी रजा मागा. नकार मिळाला तरी विचारल्यानं काही गेलेलं नसतं.

तुमचा कागद किती दिवस टिकतो?

घाईत नोकरी सोडणारे बरेच जण एक साधी गोष्ट तपासत नाहीत. गेटचा स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो. जीआरई ५ वर्षं, टोफेल आणि आयईएलटीएस २ वर्षं. कॅटचा स्कोअर मात्र त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता, आणि राज्याच्या एम.बी.ए. सीईटीचंही तसंच.

म्हणजे गेटवाल्याला एक वर्ष थांबायची सोय आहे, सीईटीवाल्याला नाही. ऑगस्टमध्ये तुमच्या नोकरीला पाच वर्षं पूर्ण होत असतील, बहिणीचं लग्न डिसेंबरमध्ये असेल आणि होम लोनचे हप्ते तुमच्या पगारातून जात असतील, तर याच जुलैला निघायलाच हवं असं नाही. तोच स्कोअर पुढच्या वर्षी चालेल. परदेशी विद्यापीठांपैकी अनेक जण प्रवेश एक वर्ष पुढं ढकलू देतात. पण असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदल्यात मिळणारे पैसे) किंवा शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तीही पुढं सरकेल असं धरून चालू नका. हे विद्यापीठाला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

अपॉइंटमेंट लेटर शोधा

जॉइन होताना सही करून फाइलला लावलेलं ते पंधरा पानी पत्र आता नीट वाचायचं आहे. पाच गोष्टी बघा.

नोटीस पिरियड किती? पुण्यातल्या आयटी कंपन्यांत ९० दिवस सर्रास असतात, उत्पादन कंपन्यांत बहुधा ३० किंवा ६०. हे दिवस कॅलेंडरचे धरतात की कामाचे, तेही बघा.

बायआउट आहे का? म्हणजे नोटीस पूर्ण न करता उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, आणि ते कंपनीच्या मर्जीवर आहे की तुमच्या. याहून मोठा प्रश्न: पैसे बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर? समजा बेसिक ३०,००० आणि ग्रॉस ६५,००० आहे. महिनाभराची नोटीस विकत घ्यायची तर एका हिशेबानं ३०,००० जातात, दुसऱ्यानं ६५,०००. आणखी एक गोष्ट. काही ठिकाणी या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावायचे. नोटीसपोटी वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. हिशेबात ती ओळ दिसली तर फायनान्सला नम्रपणे ते परिपत्रक दाखवा.

बाँड आहे का? "बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही" असं कँटीनमध्ये हमखास कुणीतरी सांगतं. त्याच्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची किमान तीन वर्षं सेवेची आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण "टिकतच नाही" हे खरं नाही.

जॉइनिंग बोनस किंवा रिलोकेशनचे पैसे परत मागतात का? बऱ्याच ठिकाणी एक वर्षाच्या आत सोडलं तर मागतात.

शिल्लक रजांचं काय होतं? कुठे पैसे देतात, कुठे त्या नोटीसमध्ये वळत्या करतात, कुठे दोन्ही नाही. तीस रजा शिल्लक असतील आणि त्या नोटीसमध्ये वळत्या होत असतील तर महिनाभराचा बायआउट वाचतो.

कॅलेंडर शेवटाकडून लिहा

वर्ग सुरू होण्याच्या दिवसापासून मागे यायचं. त्यातून निघण्याचे आणि सामान हलवण्याचे आठ-दहा दिवस वजा करा, मग नोटीसचे दिवस वजा करा. जी तारीख येते ती राजीनाम्याची शेवटची सुरक्षित तारीख. आता प्रवेश पक्का कधी होतो तेही शेजारी लिहा. बहुतेकांच्या बाबतीत प्रवेश पक्का होण्याची तारीख नंतरची निघते. खरी अडचण या दोन तारखांमधल्या फटीत आहे. ती फट कशी भरायची हे तुम्ही कुठल्या वाटेनं चाललात त्यावर अवलंबून असतं.

गेट आणि आयआयटीची वाट. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये, आणि आयआयटींच्या ऑफर कोअॅप या सामायिक पोर्टलवर मेच्या उत्तरार्धापासून फेरीफेरीनं येतात. वर्ग साधारण जुलैच्या शेवटी. समजा २५ मेला हवी ती ऑफर आली, तुम्ही 'अॅक्सेप्ट अँड फ्रीझ' केलं (म्हणजे ती पक्की करून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडलात) आणि २६ मेला राजीनामा दिला. ९० दिवस २४ ऑगस्टला संपतात. तोवर संस्थेत जवळपास महिनाभर शिकवून झालेलं असतं. म्हणून मार्चमध्ये निकाल हातात आल्याबरोबर आपल्याला हव्या त्या विभागाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे बंद झालेले आकडे, म्हणजे कटऑफ, काढा. तुमचा स्कोअर त्यांच्यापेक्षा चांगलाच वर असेल तर एप्रिलच्या शेवटी राजीनामा देणं धोक्याचं नाही. स्कोअर त्या आकड्याच्या आसपास लोंबकळत असेल, 'रिटेन अँड वेट' (हातची ऑफर ठेवून वरच्या ऑफरची वाट बघणं) करत बसायची वेळ येणार असेल, तर ऑफर येईपर्यंत गप्प बसा आणि बायआउटचे पैसे बाजूला काढून ठेवा. मला विचाराल तर महिनाभराचा बायआउट हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

अमेरिकेची वाट. फॉल सत्र ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी सुरू होतं. प्रवेशाची पत्रं बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. असिस्टंटशिपसह ऑफर असेल तर अनेक विद्यापीठं उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. मग आय-२० (विद्यापीठाचं व्हिसासाठीचं प्रवेशपत्र), मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, ३५० डॉलर फी, मग व्हिसाची मुलाखत. इथे नियम एकच ठेवा: पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत राजीनामा नाही. हे भित्रेपणाचं वाटत असेल तर २०२५ आठवा. मेच्या शेवटी अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं काही आठवडे थांबवलं. ज्यांनी एप्रिलमध्येच पेपर टाकले होते त्यांनी ते आठवडे कसे काढले असतील ते त्यांनाच विचारावं. सत्र सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिरता येत नाही. त्यामुळे लवकर सोडून लवकर जाऊन राहू, हा बेतही तसा जमत नाही. ९० दिवसांची नोटीस असेल तर व्हिसानंतर बायआउट करावा लागेल. तो खर्च विमानाच्या तिकिटाच्या शेजारच्या ओळीत लिहून टाका.

जर्मनीच्या वाटेवर श्वास घ्यायला जरा वेळ असतो, कारण हिवाळी सत्र अधिकृतरीत्या १ ऑक्टोबरपासून धरतात. पण तिथं दुसरंच काम आधी उरकावं लागतं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेलं) सक्तीचं आहे आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे इथे नोकरीचा प्रत्येक जादा महिना थेट त्या खात्यात जमा होतो. जर्मनीला जाणाऱ्यानं सहा महिने आधी नोकरी सोडणं मला कधीच समजलेलं नाही.

एम.बी.ए. सीईटीची वाट सांगायला सोपी आणि सोसायला अवघड. कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेशफेऱ्यांच्या, तारखा पुढं जातात, पुन्हा जातात. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा यापैकी कुठे नंबर लागतो हे फेरीच्या यादीशिवाय कळत नाही आणि यादी लागली की थोड्या दिवसांत कागदपत्रं घेऊन हजर व्हावं लागतं. इथे यादी लागण्याआधी राजीनामा द्यायचाच नाही. यादीत नाव दिसलं की त्याच दिवशी मेल, आणि उरलेली नोटीस बायआउट किंवा रजांमधून. मॅनेजरला आधी कल्पना दिली असेल तर तो पंधरा दिवसांत सोडतो. नाही सोडलं तर पैसे भरा.

पैशांचा हिशेब

एक वही घ्या. मोबाइलमधल्या शीटवर हा हिशेब नीट दिसत नाही, असं माझं जुनं मत आहे.

समजा हातात येणारा पगार ४५,००० आहे. दोन वर्षांचे झाले १०,८०,०००. गेट पास होऊन एम.टेक.ला गेलात तर दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, चोवीस महिन्यांचा २,९७,६००. त्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास लॅब, ट्युटोरियल, पेपर तपासणी. म्हणजे नोकरी सोडल्यामुळे हातातून जाणारी रक्कम ७,८२,४००, फी आणि मेस वेगळी. आता पदवीनंतर हातात महिन्याला २०,००० जास्त येतील असं धरलं तर ही रक्कम भरून निघायला ३९ महिने लागतात. आणि हेही खरं नाही, कारण नोकरीतच राहिला असतात तर दोन वर्षांत तिथंही पगार वाढला असताच.

हा हिशेब बघून एम.टेक. करू नये असं मी म्हणत नाही. मी केलं, आणि पुन्हा करीन. पण ज्याला केवळ पगारासाठी एम.टेक. करायचं आहे त्यानं हा आकडा बघून ठरवावं, आणि ज्याला डिझाइनमधून संशोधनात जायचंय किंवा टेस्टिंगमधून चिप्सकडे वळायचंय त्यानं हा आकडा बघून नुसतं कबूल करावं. गंमत म्हणजे पीएच.डी.चं गणित कधीकधी जास्त सोपं पडतं. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. नवख्या इंजिनिअरच्या पगाराच्या ते फार मागे नाही.

आता वहीचं दुसरं पान. स्टायपेंडचा किंवा कर्जाचा पहिला हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरा. चार महिन्यांचा पूर्ण खर्च बँकेत हवा: राहणं, मेस, घरी पाठवायचे पैसे, चालू कर्जांचे हप्ते. आणि या गोष्टी लोक विसरतात: कंपनीचा लॅपटॉप परत जाणार, म्हणजे स्वतःचा घ्यावा लागणार. फ्लॅटमालकाला एक महिना आधी सांगावं लागणार, आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे तो कापणारच. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल आणि पर्सनल लोन पगार चालू असतानाच मिटवा. पगार थांबल्यावर चुकलेला एक हप्ता क्रेडिट अहवालात बराच काळ दिसतो. परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक: मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशांतून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर लागतो. कर्जाच्या व्याजावरची करवजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी

पीएफ काढू नका. सलग पाच वर्षांची सेवा नसताना काढलेला पीएफ करपात्र ठरतो आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन देऊनही १० टक्के टीडीएस कापतात. खात्यात राहू दिला तर व्याज चालू राहतं, आणि शिकून परत नोकरी लागली की त्याच यूएएनवर (पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकावर) हस्तांतर होतं. आधीची सेवाही मोजली जाते. त्याच खात्याच्या पेन्शनच्या भागासाठी एकूण दहा वर्षं सेवा लागते. दोन-तीन वर्षांनी मिळणाऱ्या थोड्या पैशांसाठी ती साखळी तोडायची का, याचा शांतपणे विचार करा. निघण्याआधी यूएएनला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे का तेवढं मात्र आजच बघा. कंपनीचं सिम जोडलेलं असेल तर पुढं ओटीपी कुणाच्या खिशात वाजेल सांगता येत नाही.

ग्रॅच्युइटीत मात्र तारखेला खरंच किंमत आहे. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ३०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे ८६,५००. साडेचार वर्षं झालेल्याला माझा सल्ला स्पष्ट आहे, जुलैची वाट बदलता येत असेल तर बदल. मद्रास उच्च न्यायालयानं चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस झालेल्यालाही पाच वर्षं पूर्ण धरली होती. पण हे सगळ्या कंपन्या मानतात असं नाही. तुमची मानते का ते एचआरला मेलवर विचारा. नुसतं विचारलं तर राजीनाम्याचा वास येतो, म्हणून "माझी सेवा कुठल्या तारखेपासून मोजली जाते" असं विचारायचं.

आई-बाबांचा मेडिक्लेम

कंपनीचा गट आरोग्य विमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि त्यात तुमच्याबरोबर आई-बाबाही असतात. तुम्ही तरुण आहात, विद्यापीठाचा विमा घ्याल. बाबांना मधुमेह आहे, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी आहे, त्यांचं काय? नव्यानं पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागतो, जास्तीत जास्त तीन वर्षं. गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि गटात काढलेला काळ मोजला जातो. पण यासाठी विमा सुटायच्या आधी अर्ज करावा लागतो. शेवटच्या दिवसाच्या निदान दीड महिना आधी विमा कंपनीला लिहा. ऑपरेशन पुढं ढकलण्यासारखं नसेल तर ते नोकरी असतानाच उरकून घ्या. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण घराघरांत असंच करतात.

न सोडताही शिकता येतं, पण

मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाजमध्ये तीन वर्षांचे अर्धवेळ मास्टर्स आहेत, बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे कोर्स आहेत, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बढतीसाठी पदवी हवी असेल तर हे पुरतं. क्षेत्र बदलायचं असेल तर संध्याकाळच्या दोन तासांत बदलत नाही. आयआयटीत प्रायोजित विद्यार्थी म्हणूनही जाता येतं, पण त्याला कंपनीची ना-हरकत आणि पगाराची हमी लागते आणि खासगी कंपन्या ती सहसा देत नाहीत. सरकारी नोकरीत असाल तर राजीनाम्याचा विचारही करू नका, आधी अध्ययन रजेचे नियम वाचा. केंद्राच्या नियमांत पाच वर्षांच्या सेवेनंतर संपूर्ण सेवेत २४ महिन्यांपर्यंत अशी रजा मिळू शकते. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम आहेत.

एक वाट मात्र टाळा: पूर्णवेळ कोर्स, स्टायपेंड, आणि गुपचूप चालू ठेवलेली वर्क फ्रॉम होम नोकरी. स्टायपेंडच्या अटींत हे बसत नाही. आणि एफ-१ व्हिसावर असताना कुठलंही काम विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नये.

सांगायचं कसं

घरी आधी, ऑफिसात शेवटी. घरी सांगताना वही समोर ठेवा. "बाबा, मी नोकरी सोडतोय" या वाक्यानं सुरुवात केली की पुढचं कुणी ऐकत नाही. "बाबा, खर्चाचा हा हिशेब एकदा बघून द्या ना," असं म्हटलं की तेच चष्मा लावून बसतात आणि दोन चुका काढून देतात.

ऑफिसात तोंडी मॅनेजरला, त्याच दिवशी लेखी एचआरला. मेल चार ओळींचा: राजीनामा, कारण म्हणून उच्च शिक्षण, अपेक्षित शेवटचा दिवस, हँडओव्हर करीन. प्रोजेक्टबद्दलच्या तक्रारी त्यात लिहायच्या नाहीत. पत्र स्वीकारल्याचा मेल आला का ते बघा, नसेल तर मागा. अप्रेझल आणि बोनसच्या तारखा तुम्ही आता वाचलेल्या आहेतच. बोनस खात्यात जमा झाला की दुसऱ्या दिवशी मेल टाकायला काहीही हरकत नाही. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

आणि व्हिसा नाकारला गेला, प्रवेश हुकला, तर? खासगी नोकरीत राजीनामा मागे घेणं बहुतेक वेळा कंपनीच्या मर्जीवर असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला, कारण राजीनामा स्वीकारल्याचं त्याला रीतसर कळवण्याआधीच त्यानं तो मागे घेतला होता. पण त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं कोर्टात जावं लागलं. तुमचा मॅनेजर तुमच्यावर खूश असेल तर एका फोनवर काम होतं, म्हणून नोटीसच्या काळात नीट काम करा.

शेवटचा आठवडा

ऑफिसचा लॅपटॉप बंद होण्याआधी सगळ्या सॅलरी स्लिप, मिळालेले सगळे फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं आणि अपॉइंटमेंट लेटर स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीचा कोड किंवा कागदपत्रं नाही, फक्त तुमचीच. बँक, शेअर, वीजबिल कुठेही ऑफिसचा मेल दिला असेल तर बदला. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र कधी मिळणार हे एचआरकडून तारखेसह लिहून घ्या. काही संस्था प्रवेशानंतर ठरावीक मुदतीत रिलिव्हिंग लेटर मागतात, आणि दोन वर्षांनी प्लेसमेंट झाल्यावर नवी कंपनीही तेच मागणार. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं नोंदवली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हीच ती नोंदवू शकता.

जुलैमध्ये सोडलं असेल तर कराकडे लक्ष ठेवा. कंपनी वर्षभराचा पगार गृहीत धरून टीडीएस कापत असते. पॅकेज १८ लाखांचं असेल तर एप्रिल ते जुलै मिळून ६ लाखच होतात आणि नव्या प्रणालीत त्यावर कर लागत नाही. कापलेले पैसे परत मिळतात, पण आपोआप नाही. पुढच्या वर्षी जुलै संपायच्या आत हॉस्टेलच्या वायफायवरून विवरणपत्र भरा. माझा परतावा सप्टेंबरमध्ये आला, नेमका मेसचं बिल थकलं होतं तेव्हा.